कोंडाची हद्द

रायगडाच्या मागच्या अंगाला, लिंगाण्याच्या पायथ्याकडून काळ नदी खाली येते. महाडहून बिरवाडी आणि तिथून वाळणचा रस्ता धरला की ही नदी एका ठिकाणी काळ्या कातळाच्या चिरेबंद घळीत शिरते. पात्र एकदम अरुंद होतं, पाण्याचा आवाज थांबतो आणि रंग हिरव्याचा काळा होतो. हा वाळणकोंड. काठावर वरदायिनीचं ठाणं आहे आणि कोंडावर झुलता पूल. पुलावर उभं राहून मूठभर कुरमुरे सोडले की आधी बोटभर मासळी वर येते. तिची झुंबड उडते, कुरमुरे संपतात. पुन्हा मूठ सोडली की ती बारकी बाजूला होते आणि खालून वीतभर, मग हातभर मासे वर येतात. सगळ्यात शेवटी, येतीलच असं नाही, पण आले तर, कातळाखालून मोठे मासे सावलीसारखे सरकत येतात. अंगावर बांगडीच्या काचेएवढाले खवले, पाठ काळपट, पोट पिवळसर. ते कुरमुऱ्यांसाठी घाई करत नाहीत. तोंड उघडतात, पाण्याबरोबर कुरमुरा आत जातो, आणि मासा फिरून खाली जातो.

हे मासे महसीर कुळातले. आमच्याकडे त्यांना देवाचे मासे म्हणतात आणि त्यांना कुणी मारत नाही. कोंडात कुणी पोहायला उतरत नाही, गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. जुनी माणसं सांगत की सात बाजांचं सुंभ उसकटून, गाठी मारून खाली सोडलं तरी तळ लागला नाही. मासा धरून चुलीवर ठेवला तर तो शिजत नाही, असंही सांगत. मी शाळेत भूगोल शिकवला. तळ नसलेला डोह नसतो, हे मला ठाऊक आहे. पण या गोष्टींनी जे काम केलं ते मला खोटं वाटत नाही. ज्या पाण्यात माणूस उतरला तर परत येण्याची खात्री नाही, आणि ज्या पाण्यात खोऱ्यातली सगळी मासळी उन्हाळा काढते, ते पाणी लोकांनी हद्द घालून वेगळं ठेवलं. हद्दीच्या आत मासा सुरक्षित आणि हद्दीच्या बाहेर माणूस.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीकाठचं. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते. कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री यांच्याबरोबर पंचगंगेच्या देवळात तिचं नाव घेतात. पण कृष्णा-कोयना पूर्वेला गेल्या आणि सावित्री कड्यावरून पश्चिमेला पोलादपुरात उतरली. पावसाळ्यात तिच्याकडे बघवत नाही. मार्गशीर्षापासून ती आटू लागते, आणि चैत्र-वैशाखात उरतात ते फक्त कोंड. दोन कोंडांमध्ये गोटे, वाळू आणि पायाचा घोटा भिजेल एवढी धार. कोकणातल्या सगळ्याच नद्यांचं हे असं. या गोष्टीवरच पुढचं सगळं अवलंबून आहे. सहा-सात मैलांच्या पात्रात पावसाळ्यात पसरलेली मासळी उन्हाळ्यात पाच-सहा कोंडांत येऊन राहते. त्यातला एक कोंड कुणी मारला, तर पुढच्या पावसात चढणीला लागायला त्या भागातला मासाच उरत नाही.

माझे आजोबा भाताची शेती करत आणि सांजचे पाग घेऊन नदीवर जात. पाग फेकणं ही देखणी गोष्ट होती. जाळ्याची कड दातात धरायची, कमरेत वळायचं आणि पाण्यावर गोल चादर पसरावी तसं जाळं सोडायचं. कडेच्या शिशाच्या गोळ्या एकदम पाण्यात गेल्या की झालेला आवाज मला अजून ओळखू येतो. कधी जाळं खाली कपारीत अडकायचं. मग बुडी मारून सोडवावं लागे, आणि तिथे आजोबांचे नियम सुरू होत. एकट्यानं बुडी मारायची नाही. काठावर दुसरा माणूस हवा, कमरेच्या दोरीचं टोक त्याच्या हातात हवं. जाळं आधी हातानं चाचपायचं आणि आपला हात त्यात अडकतोय असं वाटलं की जाळं सोडून द्यायचं. जाळं पुन्हा विणता येतं. कपारीत डोकं घालायचं नाही, तिथे पाणी आत ओढतं. भोवऱ्याशी झगडायचं नाही, तो खाली नेईल तिथून कडेला निघायचं. आणि वर, महाबळेश्वराच्या अंगाला ढग काळे असतील तर इथे लख्ख ऊन असलं तरी पाण्यात पाय घालायचा नाही.

हा शेवटचा नियम मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि कड्यावरून ते पाणी आमच्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. पाणी आधी गढूळ होतं, त्यावर पालापाचोळा आणि फेस येतो, मग लोंढा येतो. गढूळपणा दिसल्यापासून लोंढ्यापर्यंतचा वेळ हीच काय ती सूचना. पावसाळी सहलींना येणारी मुलं दरवर्षी या घाटाखालच्या ओढ्यांत आणि धबधब्यांखाली जीव गमावतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत असतं. नदी वाचता येत नसते.

आम्हा मुलांना पोहायला शिकवलं ते पाठीला वाळका भोपळा बांधून. काही घरांत पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत. शिकायची जागाही ठरलेली होती, उतरत्या वाळूची, जिथे पाय टेकता टेकता खोली कळते. मोठ्या कोंडाकडे मुलांना फिरकू देत नसत. तिथे आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता राहतात, असं आजी सांगे. साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड कोकणात आणि देशावरही डोहांच्या काठी सापडतात. नवी नवरी, ओली बाळंतीण, लहान मूल यांनी त्या जागी जायचं नाही. जिथे माणसं बुडाली तिथे दगड बसवला गेला असणार, असं मला वाटतं. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण माझ्या पाहण्यात ज्या ज्या कोंडावर आसरा होत्या, त्या प्रत्येक ठिकाणी पाण्याखाली कपार किंवा भोवरा होता.

आमचे लोक मासा मारायचे टाळत नव्हते. जुनं ते सगळं सोनं असं सांगायला मी बसलेले नाही. मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर निघत आणि माणसं टोपल्या, काठ्या, कोयते घेऊन ओढ्यात उतरत. वलगणीच्या त्या रात्री गावात सण असे. उन्हाळ्यात लहान डोहांत गेळाची फळं कुटून टाकत, कुठे रामेठ्याची साल, कुठे कुंभ्याची. मासा गुंगून वर येई, लागेल तेवढा उचलत, आणि पाणी वाहतं असलं तर उरलेला सावध होऊन निघून जाई. यात नासधूस होती, पण तिला मर्यादा होती. साल कुटायला वेळ लागे, फळं ठरावीक दिवसांतच मिळत, आणि ठरलेल्या कोंडांना कुणी हात लावत नसे.

मग रस्ते झाले, घाट फोडले गेले, आणि दगड फोडायला आलेले सुरुंगाचे तोटे नदीत पडू लागले. एक तोटा टाकला की मोठा मासा, बारका मासा, अंडी, खेकडा, सगळं एका दणक्यात मरतं. त्यातलं वर तरंगतं ते थोडं, बाकीचं तळाला जाऊन सडतं. कितीतरी जणांचे हात त्या तोट्यांनी उडाले. माझ्या माहेरी अशा एका माणसाला दोन्ही पंजे नव्हते आणि त्याची बायको त्याला भरवत असे. तोट्यांनंतर ब्लीचिंग पावडर आली, मग विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणं आलं. करंट सोडणारा स्वतःही त्याच पाण्यात उभा असतो. मासा मारायच्या या नव्या रीती आणि माणूस मरायच्या रीती एकच आहेत. नदीकाठच्या तरुणांना मी हे तोंडावर सांगते.

पोलादपूरच्या आमच्या बाजूचे कोंड असे एकेक करून रिकामे झाले. वाळणकोंडात मासे राहिले, कारण तिथली हद्द नुसती गोष्टींत नव्हती. आसपासच्या वाड्यांतली माणसं ती राखत होती. परका माणूस गळ घेऊन आला की त्याला हटकणारं कुणीतरी असे.

महसीर हा मासा सावकाश वाढतो. मोठा व्हायला वर्षं लागतात आणि स्वच्छ, वाहत्या, हवा मिसळलेल्या पाण्याखेरीज त्याची अंडी तगत नाहीत. दख्खनी महसीर ही जात कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून शास्त्रात नोंदवली. आज पुण्यातल्या त्या पाण्याकडे पाहून हे खरं वाटणार नाही. १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याजवळ वळवणला महसीरची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालवलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे केलेलं काम देशभर वाखाणलं गेलं. इतक्या खटपटीनं माणसानं जे टाक्यांत घडवून आणलं, ते वाळणला वरदायिनीच्या पायाशी आपोआप चालू होतं. देहूच्या इंद्रायणीत, वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात, तिकडे कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर, देवळापुढचं पाणी माशांसाठी राखल्याची अशीच उदाहरणं आहेत.

महाडमध्ये राहून पाण्याच्या मनाईबद्दल लिहायचं आणि चवदार तळ्याबद्दल गप्प बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. आमच्या गावानं पाण्यावर दुसरीही एक हद्द घातली होती. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं असल्याचं जाहीर केलं, तरी अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत गेले आणि त्या तळ्याचं पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रहासाठी ते पुन्हा मुंबईहून बोटीनं आले, दासगावला उतरले आणि तिथून महाडला चालत गेले. तळ्याच्या हक्काचा कोर्टातला झगडा १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल लागला. मुलांना मी दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवत असे. वाळणकोंडाची मनाई सगळ्यांना सारखी होती, पाटलाला आणि त्याच्या गड्यालाही, आणि ती एका जिवाला वाचवण्यासाठी होती. चवदार तळ्याची मनाई माणसांना माणसांपासून तोडण्यासाठी होती, आणि जनावरं तिथे खुशाल पाणी पीत होती. रूढी जुनी आहे एवढ्यावरून ती राखू नये आणि टाकूही नये. ती कुणाला वाचवते आणि कुणाला मारते, हे विचारावं.

बाबासाहेब दासगावला बोटीनं उतरले याचं आजच्या मुलांना नवल वाटतं. महाड हे बंदर होतं. भरतीचं पाणी बाणकोटच्या मुखातून थेट महाडपर्यंत चढतं. गावाशेजारच्या गांधारपाले लेण्यांवरून कळतं की दोन हजार वर्षांपूर्वीही हा व्यापाराचा रस्ता होता. १८०२ मध्ये पुण्याहून पळालेला दुसरा बाजीराव महाडला आला आणि पुढे समुद्रमार्गानं वसईला गेला. मचवे आणि पडाव भरतीबरोबर वर यायचे आणि ओहोटीबरोबर खाली जायचे. भोईघाटावर माल उतरायचा. भोई, कोळी, खारवी, दालदी अशा कितीतरी जमातींची पोटं या पाण्यावर होती. ओहोटीला बाया गुडघाभर चिखलात उतरून कालवं आणि मुळे काढत.

नदीत गाळानं तयार झालेली बेटं आहेत, त्यांना आमच्याकडे जुटं म्हणतात. हिवाळ्यात त्यांच्या कडेला मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. दादली पुलाखाली, भोईघाटाकडे, केंबुर्लीच्या बाजूला. गोड्या पाण्यातली ही मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिनं अंडी घातली की ती जागा सोडत नाही, आणि तेव्हा तिच्याजवळ जाणं धोक्याचं. जुने होडीवाले हे ओळखून होते. मगरीचं जुटं दिसलं की होडी लांबून काढत, मासळी धुतलेलं पाणी त्या बाजूला टाकत नसत, आणि संध्याकाळी कडेला बसून भांडी घासू देत नसत. शेजारधर्म म्हणूनच ते हे पाळत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळियेवर आणि पोलादपूरच्या साखर-सुतारवाडी आणि केवनाळ्यावर डोंगर कोसळले. त्यानंतर नदीतला गाळ आणि जुटं उपसायचं काम हाती घेतलं गेलं. पुरात ज्यांची घरं गेली त्यांना ते हवं आहे, आणि मलाही गावात पुन्हा तसं पाणी नको आहे. फक्त कुठलं जुटं काढायचं आणि कुठलं ठेवायचं हे ठरवताना, वर राहणाऱ्या जनावराचा विचार करणारा एक माणूस त्या बैठकीत असावा.

खाडीचं पाणी कशानं बिघडलं ते सगळे जाणतात. बिरवाडीजवळ रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. हजारो घरांत पगार आला, आणि सांडपाणी नळानं खाडीकडे गेलं. पांढरं पोट वर करून तरंगणारी मासळी खाडीकाठच्या लोकांनी वारंवार पाहिली. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र झालं, वाहिनी आणखी खाली नेली गेली, पण मासेमारीवर जगणारी घरं एकेक करून मुंबईला गेली. या पाण्याला वाळणसारखी हद्द कुणी घातली नाही. ती घालण्याचं काम १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं होतं. कायदा चांगला आहे, पण त्याच्यासाठी काठावर उभं राहणारी माणसं कमी पडली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला. ब्रिटिशांच्या काळातला, दगडी कमानींचा पूल. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं माणसांसकट पाण्यात गेली. दुसऱ्या दिवसापासून नदीवर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, तटरक्षक दल आणि नौदलाचे पाणबुडे आले. आम्ही काठावर उभे होतो. पाणी तांबडं, हात पुढे केला तरी दिसणार नाही असं. त्यात भरती-ओहोटी, त्यात पुराचा वेग, वाहून आलेली झाडं, आणि मगरी. पाणबुडे कमरेला दोरी बांधून उतरत आणि वरचा माणूस त्या दोरीवरून हात काढत नसे. लोखंड शोधायला क्रेनला तीनशे किलोचं चुंबक लावून पाण्यात सोडलं. पहिल्या एसटीचा सांगाडा सापडला तो ११ ऑगस्टला. काही मृतदेह तोवर हरिहरेश्वर आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांपर्यंत गेले होते. नवा पूल ५ जून २०१७ ला खुला झाला.

त्या दिवसांत काठावर उभ्या असलेल्या मुलांपैकी एकानं पुढे ठरवून पाण्याखालचं शिक्षण घेतलं. माझा विद्यार्थी. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, तिथे तो शिकला आणि आता मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेतो. मालवणच्या समुद्राला १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, २९.१२ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक आणि प्रवाळ त्यात आले. सुरुवातीला मच्छीमारांना ते नको होतं, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. कारण हद्द त्यांना विचारून घातलेली नव्हती. पुढे स्थानिक तरुणांनाच डायव्हिंग शिकवलं गेलं, तेव्हा पाण्याखालचा मासा जिवंत असण्यात त्यांच्या घराचाही फायदा दिसू लागला.

सुट्टीत तो आला की त्याला मी प्रश्न विचारते. त्यानं मला टाकीनं श्वास घेण्याचं गणित समजावलं. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. बुडी मारणाऱ्या माझ्या आजोबांच्या छातीत वरूनच घेतलेली हवा होती. ती खाली दबे आणि वर येताना पुन्हा मूळ मापाची होई. टाकीवाला मात्र खाली दाबातली हवा घेतो. श्वास रोखून वर आला तर ती हवा फुगते आणि फुफ्फुस फाटतं. म्हणून पहिला नियम, श्वास कधी रोखायचा नाही. दुसरा, आपल्या बुडबुड्यांच्या पुढे वर यायचं नाही, सावकाश यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. कारण दाबाखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन एकदम सुटला तर सांध्यांत आणि मज्जारज्जूत बुडबुडे धरतात. मग दाबाच्या बंद खोलीतच उपचार करावे लागतात, आणि अशी सोय जवळपास असेलच असं नाही. एकट्यानं उतरायचं नाही. नव्या माणसानं दहा-बारा मीटरच्या खाली जायचं नाही. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. बोटाएवढी वाढ व्हायला त्याला वर्षं लागतात, आणि कठीण प्रवाळाला २००१ पासून वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. नांगर प्रवाळावर टाकायचा नाही, बोट बांधायला ठेवलेल्या बोयाला बांधायची. आणि माशांना पाव-बिस्किटं घालायची नाहीत.

"मग बाई, वाळणला कुरमुरे?" त्यानं विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. पावसाळ्यानंतर धार चालू असते तेव्हा दोन मुठी कुरमुऱ्यांनी काही बिघडत नाही. पण सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून माणसं येतात आणि पाव, बिस्किटं, फरसाण, पिशवीसकट जे हाताला लागेल ते टाकतात. एप्रिल-मे महिन्यांत धार थांबलेली असते, तेव्हा ते तळाला कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि मोठ्या माशाला आधी गुदमरवतं. हा मासा कीटक, शेवाळ, गोगलगाई, काठावरच्या उंबराची पडलेली फळं यांवर जगत आला आहे. त्याला आपल्या पावाची गरज नाही. नैवेद्याला मूठ पुरते, हे देवस्थानच्या माणसांनी ठरवावं आणि आपण पाळावं.

मला त्याच्या आणि आजोबांच्या नियमांत फरक फार थोडा दिसला. सोबत हवी, वर दोरी धरणारा हवा, खाली गेल्यावर हावरेपणा नको, आणि काही जागा अशा की तिथे जायचंच नाही. ते नियम आजोबांनी कागदावर लिहिले नाहीत आणि मालवणवाल्यांनी लिहिले. आता माणसं बाहेरून येतात, त्यांना गावाची गोष्ट ठाऊक नसते, म्हणून लिहिणं गरजेचं आहे. वाळणच्या झुलत्या पुलावरून कोंडात सूर मारायची हौस असणारी मुलं यायला लागली आहेत. देवीचा धाक त्यांना नाही आणि पाण्याखालचा कातळ त्यांना दिसत नाही.

निव्वळ श्रद्धेवर राखलेलं पाणी एका रात्रीत मरू शकतं, याचा दाखला शेजारी कर्नाटकात आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यात शिशिलाच्या शिवमंदिरापुढे कपिला नदीत वाळणसारखेच महसीर राखलेले होते. १९९६ मध्ये कुणीतरी पाण्यात विष कालवलं आणि हजारो मासे मेले. गावानं त्या माशांचं स्मारक बांधलं. चांगला दाखला महाराष्ट्रातच आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात सापडलेला एक लहानसा मासा २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदवला, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमात ही तरतूद आहे. लोकांच्या जैवविविधता नोंदवहीत जागेची नोंद, स्थानिक समितीचा प्रस्ताव आणि ग्रामसभेचा ठराव यांवर तो दर्जा उभा राहतो. देवस्थानची पूजा, जत्रा, काठावरच्या लोकांचा हक्क, यातलं काही त्यानं जात नाही.

वाळणच्या आसपासच्या ग्रामसभांनी काळ नदीच्या या कोंडासाठी हा रस्ता धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ठराव लिहायला, कागद जोडायला महाड-पोलादपूरच्या शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक मदत करतील. मी स्वतः करीन. कोंडाच्या दोन्ही अंगांना हद्दीचे दगड आणि मराठीतली ठसठशीत पाटी लागावी. वरच्या गावात पाऊस जोरात झाला की खाली कळवणारा एक माणूस नेमावा. पुलावर काठीला बांधलेली एक लांब दोरी आणि हवा भरलेली ट्यूब कायम टांगलेली असावी, म्हणजे कुणी पडलाच तर त्याच्यामागे दुसऱ्याला उडी मारावी लागणार नाही.

आणि तुम्ही तिकडे गेलात तर पुलावरूनच पाहा, पाण्यात उतरू नका. कुरमुऱ्यांची एक मूठ पुरे. प्लॅस्टिक पिशवी खिशात परत आणा. आकाश वरच्या अंगाला काळं झालं असेल तर काठावरूनही मागे फिरा. मोठा मासा दिसला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तो खाली आहे.